धुऱ्यापलीकडचे तारे

तायडे मॅडम तारे पाहायच्या ते भर दुपारी. अमरावतीचं वैशाखातलं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि ही बाई खिडकीला जुनी गोधडी लावून, खोलीत अंधार करून, कॉम्प्युटरसमोर बसलेली. दूधवाल्यानं कॉलनीत उठवून दिलं की मॅडम आत काही करणी करतात. मॅडमच्या कानावर ते आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला दंडाला धरून आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि अर्धा तास तारे दाखवले. तो बाहेर आला तो घाम पुसतच.

"काही नाही हो," म्हणे, "काळ्या सतरंजीवर रवा सांडला हाये, आन् मॅडम तो मोजून राहिली."

दूध मात्र त्या दिवसापासून बरं येऊ लागलं. जी बाई रव्याचे दाणे मोजते ती पाणीही मोजील, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

मॅडम मूळच्या हिवरखेडच्या. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी गेली. शिकवायची नाही, सामान मांडायची. भिंगं पुसायची, वायरी जोडायच्या, पोरांनी बिघडवलेलं नीट करायचं आणि संध्याकाळी कपाटाला कुलूप लावायचं. कॉलेजात एक दुर्बीण होती. ती त्यांनी वर्षानुवर्षं मऊ फडक्यानं पुसली. पाहायची पाळी यायची तेव्हा पोरांची रांग असे, मग सरांची, मग पाहुण्यांची. आणि मॅडमची पाळी येईतो ढग आलेले असत नाहीतर शिपाई दिवे लावून मोकळा झालेला असे. हे त्या तक्रारीनं सांगत नसत. पावसाचं सांगावं तसं सांगत.

कॉलेजात त्यांना कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. इथं घर बांधून राहायला आल्या तेव्हा कॉलनीनं आपल्या मनानंच म्हणायला सुरुवात केली. "एवढं एक खोटं चालू दिलं मी," असं एकदा हसून म्हणाल्या. बाकी खोटं त्यांना चालत नसे. भाजीवाला "ताजी हाये बाई" म्हणाला की त्या विचारत, "किती वाजता तोडली?" त्यांचं एक वाक्य होतं, ते त्या पोरांना सांगत आल्या होत्या, आणि पुढं मलाही शंभरदा ऐकवलं: "दिसलं ते लिहा. वाटलं ते नाही."

लग्न केलं नव्हतं. बाप लवकर गेला, भावाला शिकवलं, तोही आता नाही. त्याची पोरगी अकोल्याला. घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि त्याच्याखाली दुसरा एक फोटो: तिरपी, धुरकट, तबकडीसारखी काहीतरी वस्तू. पाहुणा विचारी, हे काय? मॅडम म्हणत, "हे आमचे शेजारी."

मीही शेजारीच. त्यांच्या भिंतीच्या अलीकडचा. माझा जन्म शेंदूरजनाघाटचा आणि काम संत्र्याच्या अंदाजाचं. व्यापारी बाग घेतो ती फळ झाडावर असताना. तोडीला किती निघेल हे आधी सांगणारा माणूस लागतो. तो मी. शाळा तिसरीत सुटली, पण झाडाभोवती एक चक्कर मारली की मी आकडा सांगायचो, आणि माझा आकडा धरून दोन्हीकडची माणसं उठायची. कोणी तो खोडला नाही. बायको गेली, पोरानं अमरावतीला आणलं. इथं मोजायला विजेचे खांब होते.

मॅडमच्या अंगणात एक संत्र्याचं झाड होतं. पोळ्याच्या सुमारास त्या झाडाखाली उभ्या होत्या. मी भिंतीवरून म्हणालो, "दोनशे चाळीस निघतीन."

"कशावरून?"

"पाहून."

"सगळ्या बाजूनं पाहिलं का?"

"मी संत्र्याच्या झाडाले पाहतो बाई, संत्र्याचं झाड मले कुठं लपते?"

दिवाळीनंतर तोड केली तेव्हा त्यांनी एकेक फळ मोजलं. दर दहाला भिंतीवर खडूची एक रेघ. दोनशे अडतीस भरले. त्या भिंतीशी आल्या आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जसं एखादं नवं यंत्र कॉलेजात आलं आहे आणि ते कोणत्या कपाटात ठेवावं हे कळत नाही.

"भाऊ," म्हणाल्या, "तुमच्या डोळ्याचं एक काम आहे माह्याकडं."

"मले इंग्रजी येत नाही."

"ताऱ्याले तरी कुठं येते?"

काम असं होतं. पृथ्वीच्या वर, हवेच्याही वर, एक दुर्बीण फिरते. तिनं आपल्या शेजारच्या दीर्घिकेचे फोटो काढले. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची वस्ती. आपला सूर्य एका वस्तीत, आणि ही दुसरी. तिचं नाव देवयानी. ती एवढी मोठी की एका फोटोत मावत नाही. तुकड्या-तुकड्यानं काढून शेजारी-शेजारी लावावे लागतात. त्या तुकड्यात तारे सुटे दिसतात, एकेक दाणा वेगळा. पण काही तारे घोसानं असतात, एकाच वेळी जन्मलेले, एकमेकांना धरून. हे घोस यंत्राला नीट ओळखू येत नाहीत, माणसाच्या डोळ्याला येतात. म्हणून त्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या लोकांना सांगितलं, ज्याला बसायचं त्यानं बसावं आणि घोसाभोवती गोल काढावा. पगार नाही. मॅडमना हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी दुपारची झोप सोडली.

"जगातली एवढी मोठी दुर्बीण," त्या म्हणाल्या, "आन् मले ती पुसा लागत नाही. नुसती पाहा लागते."

तिथलं काम पाठवून झालं तरी मॅडमचं संपत नसे. देवयानीचा एक पूर्ण पट्टा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आपल्या डोळ्यांनी पाहायचा त्यांनी निश्चय केला होता. त्या पट्ट्याचे सारे फोटो नंबर घालून कॉम्प्युटरात ठेवले होते. कॉलेजातले ग्राफचे कागद चिकटवून कपाटाच्या दारावर एक लांब तक्ता लावला होता. एक घर म्हणजे एक फोटो. पाहून झाला की त्या घरात पेन्सिलीनं घोसांचा आकडा. निम्म्याहून जास्त घरं भरली होती. उरलेल्यांसाठी मी लागत होतो, कारण मॅडमच्या डोळ्याचा पडदा मधून झिजत चालला होता.

"डॉक्टर म्हणते, मधलं जाईन, कडेचं राहीन," त्यांनी सांगितलं. "अक्षर गेलं आधी. आता तारे जाऊन राहिले. वर्ष आहे हातात, फार तर. त्यात तक्ता भरला पाहिजे."

एवढंच त्यांना हवं होतं. एवढं एकच काही हवं असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी बसलो. मी बोट ठेवायचं, त्यांनी गोल काढायचा. पहिल्याच दिवशी एक मोठा, झगझगीत तारा दिसला, चारी बाजूंनी फुलीसारखी किरणं फुटलेली. मी बोट ठेवलं.

"तो नाही," मॅडम म्हणाल्या. "तो आपल्याकडचा आहे. आपल्या दीर्घिकेतून बाहेर पाहतो ना आपण, मंधात आपलेच तारे येतात. जवळ आहे म्हणून मोठा दिसते."

मी म्हणालो, "म्हंजे धुऱ्यावरची फांदी."

"कसं?"

"दोन बगीच्याच्या मंधात धुरा राह्यते. आपल्या झाडाची फांदी धुऱ्यावरून तिकडं झुकली, तं तिच्यावरची फळं शेजाऱ्याची होतात काय? फळ पाहून नाही मोजत बाई, खोड पाहून मोजतात."

मॅडमनी मांडीवर थाप मारली. इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग एक पुसट, लांबट डाग दाखवून विचारलं, "आन् हे? हे देवयानीच्याही मागं आहे. दुसरीच दीर्घिका, लय दूरची."

"तो तिसऱ्याचा बगीचा. झाडातून दिसून राहिला. त्याच्याशी आपल्याले काय करा लागते?"

"भाऊ, हेच समजवाले कॉलेजात दोन तास लागायचे," त्या म्हणाल्या. खरं सांगतो, माझ्या आयुष्यात कोणत्याही व्यापाऱ्यानं पाठ थोपटली त्यापेक्षा ते जास्त होतं.

पुढचे चार-पाच महिने असेच गेले. चहा दूध न घालता, काळा. बोलणं कमी. त्या खोलीत दोन म्हातारी माणसं अंधारात बसून असत आणि मधूनमधून एक म्हणे "हा" आणि दुसरं म्हणे "झाला". मॅडमना वाटायचं की आपण गेल्यावर तक्ता राहावा. कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

समोरच्या घरातल्या देशमुखबाई एकदा पोरीची पत्रिका घेऊन आल्या. ताऱ्याचं काम करतात म्हणजे पत्रिकाही पाहत असतील. मॅडमनी पत्रिका हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "यातले ग्रह माह्या बगीच्यात नाहीत वो."

"मंग हे कोणते तारे हायेत?"

"ज्यांचं नाव कोणी ठेवलं नाही असे."

देशमुखबाई पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "यातला माह्या पोरीचा कोणता असन?"

"जो आवडन तो घ्या," मॅडम म्हणाल्या. "मालकी कोणाचीच नाही."

देशमुखबाईंनी खरंच एक निवडला. खालचा, डाव्या कोपऱ्यातला. त्यानंतर त्या अधूनमधून येऊ लागल्या, वाटीत काहीतरी घेऊन, आणि मागं उभ्या राहून पाहायच्या. त्यांच्यामुळेच पुढचं झालं. म्हणजे त्यांचा काही दोष नाही.

एका दुपारी मी एका फोटोतले पाच घोस दाखवले आणि म्हणालो, "झाला." देशमुखबाई मागून म्हणाल्या, "एक राह्यला की वो काका. तो पाहा कडेले, लहानसा. आन् त्याच्याखाली आणखी एक."

"ते धरत नसतात," मी म्हणालो. "लहान हायेत, फिक्के हायेत. ते गळतात."

मॅडमचा हात माऊसवर थांबला. "काय म्हणाले भाऊ?"

मी समजावून सांगितलं. अंदाजात गळ धरावीच लागते. झाडावर जेवढं दिसतं तेवढं तोडीला कधीच येत नाही. देठ पिवळा पडलेलं, लहान राहिलेलं फळ पुढच्या महिन्यात खाली. तेवढं सोडून आकडा सांगतो तोच खरा अंदाजवाला. सारं दिसलं ते सांगतो तो शिकाऊ.

"माह्या झाडाचे दोनशे चाळीस सांगतले होते," मॅडम हळू म्हणाल्या.

"तवा झाडावर तीनशे होते. गळ जाऊन राह्यले तेवढे. म्हणून तं आकडा जुळला!"

हे मी मोठ्या ताठ्यानं बोललो. मॅडमनी माऊस बाजूला सारला. मग विचारलं, "पहिल्या दिवसापासून सोडून राहिले?"

"मंग काय तं."

"तारे गळत नाहीत, भाऊ." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पंचवीस लाख वर्षं झाले, तवा निघाला हा उजेड. चालत चालत इथवर आला. माह्या दारापर्यंत आला. आन् तुमी त्याले दारातून वापस लावला."

देशमुखबाई वाटी घेऊन उभ्या. "मी काही चुकीचं बोलली काय वो?"

मी उठलो. "मंग दुसरा डोळा पाहा तुमी," म्हणालो आणि घरी आलो. सगळी हयात ज्या गोष्टीसाठी लोकांनी मान दिला तीच गोष्ट ही बाई चूक म्हणते, हे मला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून पाहिलं तर खिडकीची गोधडी काढलेली. उजेड आत गेलेला. मॅडम कपाटापुढं उभ्या होत्या आणि तक्त्यावर रबर चालवत होत्या. मी दाखवलेली सारी घरं. तोंड तक्त्याला टेकेल इतकं जवळ, एक बोट घरावर ठेवून, दुसऱ्या हातानं खोडायचं, मग तळहातानं रबराचा चुरा झटकायचा. चार-पाच महिने. एका दुपारीत खोडून झाले.

त्याच आठवड्यात रात्री जेवताना माझी सून वैशाली म्हणाली, "बाबा, मॅडमनं मले बोलावलं होतं, पत्र टाइप कराले." मॅडमना आता अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी त्या शास्त्रज्ञांना कळवलं होतं की मी इतक्या महिन्यांत पाठवलेलं काम धरू नका, त्यात लहान घोस सुटले आहेत.

"माह्यं नाव सांगतलं असन," मी म्हणालो.

"नाही बाबा. 'माझी पद्धत चुकली', असं लिहाले लावलं."

मी ताट सारलं. माझं नाव घेतलं असतं तर मी भांडायला गेलो असतो. हे काय करावं ते मला कळेना.

पत्राचं उत्तर आलं, तेही वैशालीनं वाचून दाखवलं. चांगलं होतं. तुम्ही प्रामाणिकपणे कळवलं, आभारी आहोत. पण काळजी करू नका, प्रत्येक फोटो पुष्कळ लोक पाहतात, एकाकडून सुटलं तर दुसऱ्याला दिसतं. मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि वैशालीला म्हणाल्या, "त्यायचं नाही अडलं म्हणा. पाह्यलं असन कोणी ना कोणी. पण मी नाही ना पाह्यलं."

त्या पुन्हा पहिल्या खोडलेल्या घरापासून एकट्याच बसू लागल्या. गोधडी लागे, दोन-तीन तासांनी निघे. मग तासाभरात निघू लागली. मग लागेनाशी झाली. मला जाता आलं असतं. वीस पावलांचं अंतर. मी गेलो नाही. त्यांनी बोलवावं असं मला वाटे, आणि त्या कोणाला बोलवणाऱ्यातल्या नव्हत्या. अकोल्याहून त्यांची भाची गाडी घेऊन आली तेव्हा मी मागच्या अंगणात होतो. गाडीचा आवाज ऐकला. फाटकाशी जायला उठलो आणि पुन्हा बसलो.

भाचीनं झाडाला पाणी घालायला किल्ली वैशालीकडे दिली होती. पंधरा दिवस वैशालीनं पाणी घातलं. मग मी म्हणालो, आण ती किल्ली. आत गेलो तर तक्ता तसाच. भरलेली घरं काळी, माझी जवळजवळ सारी पांढरी. नुसती पांढरी नव्हती. रबरानं कागद खरबडला होता, हात फिरवला तर कळे.

मी वैशालीला म्हणालो, "हे यंत्र चालू कराले येते काय तुले?"

ती शाळेत शिकवते. घरी आली की तास-दीड तास बसायची. मी बोट ठेवायचो. सुरुवातीला बोट आपोआप लहान घोसावरून पुढं सरकायचं, साठ वर्षांची सवय. मी ते पकडून मागं आणायचो. फिक्का, कडेचा, अर्धा फोटोत अर्धा बाहेर, जो दिसला तो. आकडे मी माझ्या हातानं लिहिले. माझं सात आणि नऊ सारखंच येतं, म्हणून ते दोन आकडे वैशालीनं लिहिले. पुढचा उन्हाळा लागेपर्यंत तक्ता भरला.

मग मी एकटाच यष्टीनं अकोल्याला गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर, तक्त्याची गुंडाळी मांडीवर उभी धरून. कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, जमिनीचा नकाशा काय?" मी म्हणालो, "हो. शेजाऱ्याच्या."

मॅडम कूलरसमोर खुर्चीत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. भाचीनं मोठ्यानं सांगितलं, "आत्या, अमरावतीचे भाऊ आले." मॅडम म्हणाल्या, "या." मी चुकलो असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही. तेव्हाही म्हटलं नाही. गुंडाळी उलगडली, सतरंजीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर पेले ठेवले आणि खोडलेल्या घरांपासून वाचायला लागलो. "सोळावी ओळ. पह्यलं घर, आठ. दुसरं, पाच. तिसरं, अकरा, त्यातले चार लय फिक्के."

दोन ओळी झाल्या असतील. वर पाहिलं तर मॅडमनी मान फिरवलेली. तोंड पार खिडकीकडे. मी वाचतोय आणि ही बाई भिंतीकडे पाहते. माझ्या अंगाची आग झाली. इतक्या दूर आलो, आणि हिचा राग गेला नाही. मी पेले उचलले आणि तक्ता गुंडाळू लागलो.

"थांबले काहून?"

"तुमाले ऐका लागत नाही तं कोणाले वाचू?"

"ऐकून राहिली ना. तुमच्याकडंच पाहून राहिली."

"तिकडं खिडकी आहे बाई."

"सरळ पाह्यलं की तुमी दिसत नाही, भाऊ," मॅडम म्हणाल्या. तोंड खिडकीकडेच होतं. "मंधात नुसतं काळं. तुमच्याकडं पाहाचं तं तिकडं तोंड करा लागते. मंग कडेले दिसता. वाळले तुमी. आन् वरचं बटन उघडं आहे, ते लावा आधी. हं, वाचा. अठरावी ओळ."

मी बटण लावलं. उरलेला सारा तक्ता वाचला. दुपार त्यात गेली. काही घरांना त्या म्हणत, "पुन्हा सांगा," आणि आकडा ऐकून बोटं हलवत, मांडीवरच्या मांडीवर, गोल काढल्यासारखी. शेवटचं घर झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "संपलं?" मी म्हटलं, "संपलं." त्यांनी मान हलवली. भाचीनं चहा आणला, तो दुधाचा होता, दोघांनी तसाच घेतला.

निघालो तेव्हा त्या भाचीचा हात धरून फाटकापर्यंत आल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पावसाळ्यात अकोल्याहून फोन आला, वैशालीनं घेतला.

त्या दिवशी गल्लीच्या टोकाशी मला ऑटो मिळाला. बसताना मागं पाहिलं. मॅडम फाटकाला धरून उभ्या होत्या, आणि तोंड समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीकडे होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारी टाकी भरायची वाट पाहत आहे. ऑटो वळेपर्यंत त्यांनी मान तिकडून काढली नाही.